अपडेटनंतर मिंट उठतच नाही, पासवर्डसुद्धा विचारत नाही

लॅबवाली (बार्शी)

नमस्कार मंडळी. मोबाइलवरून लिहितेय, कारण ज्यावर लिहायचं तेच मशीन बंद पडलंय.

माझी रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब आहे. एकच डेस्कटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. सीबीसी, शुगर, लिपिडचे रिपोर्ट लिब्रेऑफिसमध्ये भरायचे, छापायचे, संध्याकाळी डॉक्टर येऊन सह्या करतात. भाच्याने मिंट २० टाकून दिलं होतं, नंतर दिवाळीला आला तेव्हा २१ वर नेलं. पेशंटची नावं आणि आजार आत असतात म्हणून टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. चालू केलं की आधी तो लांबलचक पासवर्ड द्यायचा, मग पुढचं सगळं.

काल बंद करायच्या आधी खालच्या कोपऱ्यातल्या ढालीवर टिंब दिसलं, अपडेट दिलं. आज सकाळी चालू केलं तर कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धबाधबा. शेवटी हे:

कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

पुढे काही नाही. कीबोर्डवरचे दिवे तेवढे लुकलुकत राहतात. बटण दाबून बंद-चालू केलं तरी तेच. एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारायची वेळच येत नाही.

स्टँडजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोनवर ओळी वाचून दाखवल्या. "रूट माउंट होईना म्हणजे एसएसडी गेली मॅडम. नवी टाकू, जुनीतलं विसरा." भाचा जहाजावर आहे, रेंज असेल तेव्हा उत्तर देतो. कालचे रिपोर्ट आत अडकलेत आणि लोक सकाळपासून दारात येऊन जातायत. खरंच डिस्क गेली असेल का?


सरळसोट

ताई, धंद्याच्या मशीनवर असले प्रयोग करू नयेत. फॉरमॅट मारा, विंडोज टाका, दोन तासांत मोकळ्या व्हाल. डेटाचं म्हणाल तर पेनड्राइव्हवर कॉपी असेलच ना.


रातपाळी (पुणे)

फॉरमॅट नको, नवी एसएसडी नको. आणि कोणी पेनड्राइव्ह लावून "इन्स्टॉल"वर क्लिक करायला सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. तुमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे. नवं इन्स्टॉल एकदा तिच्यावरून फिरलं की पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही, कारण खरी किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते आणि पहिला घाव तिथेच बसतो.

लॅबवाली ताई, दुरुस्तीवाल्याने "रूट" हा शब्द (सिस्टिम जिथे असते तो डिस्कचा मुख्य भाग) धरला. मी तुमचं दुसरं वाक्य धरतो: पासवर्ड विचारतच नाही. निदान तिथेच आहे.

मशीन चालू झालं की मदरबोर्ड ग्रबला, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, उठवतो. ग्रब /बूट या फोल्डरमधून दोन फाइली उचलून मेमरीत ठेवतो. एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्या फाइलीचं नाव व्हीएमलिनझ. दुसरी इनिटआरडी. कर्नलला एकट्याला एन्क्रिप्टेड डिस्क उघडता येत नाही. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम, एलव्हीएमचे (डिस्कच्या आतल्या विभागणीचे) भाग ओळखणारी साधनं, हा सगळा किल्ल्यांचा जुडगा इनिटआरडीत असतो. जुडगाच मिळाला नाही तर कर्नल दाराशी येतो, आत कसं जायचं कळत नाही, आणि जो संदेश तुम्ही लिहिलाय तोच देऊन बसतो. (०,०) याचा अर्थ "डिस्क खराब आहे" असा नाही. "कुठली डिस्क म्हणताय तेच मला कळत नाही" असा आहे.

शिवाय पॅनिक करायला कर्नल आला कुठून? त्याच एसएसडीवरून. ती अजिबात वाचता येत नसती तर तुम्ही ग्रबपर्यंतही पोचला नसतात.

आता एक करून बघा. रीस्टार्ट करा आणि लोगो दिसला की एस्केप एकदा दाबा. धडाधड नको, जास्त वेळा दाबलं गेलं तर ग्रबचा रिकामा प्रॉम्प्ट येतो. आलाच तर नॉर्मल (इंग्रजीत, लहान अक्षरांत) लिहून एंटर, आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. मेनू आला की "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर लिनक्स मिंट"मध्ये जा. तिथे प्रत्येक कर्नलच्या दोन ओळी असतील, एक साधी आणि एक रिकव्हरी मोडवाली. सगळ्यात वरचा नंबर सोडा, त्याच्या खालच्याची साधी ओळ निवडा. कुठल्या नंबरला पासवर्ड विचारतो ते इथे सांगा.

आणि काल अपडेट चालू असताना एखादी चौकट आली होती का? आठवेल तेवढं लिहा.

(दिवे लुकलुकतायत म्हणजे कीबोर्ड जुना, गोल पिनचा असणार. ती लुकलुक कर्नल मुद्दाम करतो, पडद्यावर काही दिसत नसलं तरी कळावं म्हणून. यूएसबी कीबोर्डवाल्यांना हे सुख नाही.)


डबलबूट

हा ऑगस्ट २०२४ चा प्रकार तर नाही? विंडोजच्या अपडेटनंतर शेजारचं लिनक्स उठेना झालं होतं तो. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) बंद केल्यावर माझं चाललं होतं.


रातपाळी (पुणे)

नाही. त्या वेळी "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा संदेश यायचा आणि मशीन बंद व्हायचं. शिम हा ग्रबच्याही आधीचा टप्पा. तिथे अडलेल्याला कर्नलच्या पांढऱ्या ओळी दिसायचा प्रश्नच नाही. ताईंच्या मशीनवर शिम, ग्रब, कर्नल तिघेही आले, पुढे अडलं. त्यांचं सिक्युअर बूट जसं आहे तसं राहू द्या, उगाच बायोसमध्ये जाऊन आणखी एक गोष्ट बदलायला नको.

बूट होत नाही म्हटलं की मी आधी एवढंच विचारतो: शेवटी काय दिसलं? लोगोवर थांबलं, ग्रबचा प्रॉम्प्ट आला, पॅनिक आला, पासवर्डनंतर अडलं, की लॉगिननंतर काळा पडदा? हे पाच वेगवेगळे आजार आहेत, आणि "अपडेटनंतर चालू होत नाही" या एका नावाखाली लोक पाचही आजारांवर एकच औषध मागतात.


लॅबवाली (बार्शी)

अहो, उठलं!

वरचा नंबर ५.१५.०-१२६ होता, त्याला तोच पॅनिक. खालचा १२५ निवडला, पासवर्डची चौकट आली, दिला, डेस्कटॉप समोर. रिपोर्टचं फोल्डर जागच्या जागी आहे. आधी कालचे सगळे छापून घेतले, मग इथे आले, उशिराबद्दल रागावू नका.

चौकटीचं म्हणाल तर आली होती. त्यात "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असं होतं. पण फाइल मॅनेजरमध्ये खाली १८० जीबी मोकळी दाखवतंय, आत्तासुद्धा. माझे रिपोर्ट एवढेसे असतात. जागा संपेलच कशी?

आणि हे दर वेळी एस्केप दाबून उठवायचं का? सकाळी मशीन चालू करायला माझी मदतनीस असते, तिला हे सांगायचं म्हणजे कठीण.


रातपाळी (पुणे)

१८० जीबी आहे ती एन्क्रिप्टेड भागात. ग्रबला कर्नल सहज वाचता यावा म्हणून तुमच्या प्रकारच्या इन्स्टॉलमध्ये /बूट वेगळ्या, एन्क्रिप्ट न केलेल्या छोट्या पार्टिशनवर असतं. भरलंय ते. फाइल मॅनेजर मोठ्या भागाचा हिशोब दाखवतो, म्हणून पत्ता लागला नाही.

टर्मिनल उघडा. कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करा.

डीएफ -एच /बूट
एलएस -एलएच /बूट
यूनेम -आर

तिन्हींची उत्तरं टाका. यातली कुठलीच काही बदलत नाही, बिनधास्त चालवा.


लॅबवाली (बार्शी)

पहिलं: /डेव्ह/एसडीए२, आकार ७०५एम, वापर ६३७एम, शिल्लक १७एम, ९८%.

दुसऱ्यात खूप आहे. इनिटआरडी नावाच्या फाइली ११७, ११९, १२२, १२४, १२५ अशा पाच, प्रत्येक शंभर एमबीच्या जवळपास. व्हीएमलिनझ मात्र सहा आहेत. १२६ ची व्हीएमलिनझ आहे, इनिटआरडी नाही!

तिसरं: ५.१५.०-१२५-जेनेरिक.


रातपाळी (पुणे)

झालं, तुम्हीच शोधलंत.

एका कर्नलचा पसारा एकशेवीस एमबीच्या घरात जातो. ७०५ मध्ये पाच बसले. सहाव्याची व्हीएमलिनझ अकरा-बारा एमबीची, ती शिरली. मग इनिटआरडी बांधायला घेतली तर जागा संपली, म्हणून ती अर्धवट फाइल काढून टाकली गेली आणि चौकट आली. पुढे कशाने तरी ग्रबची यादी नव्याने तयार झाली. ग्रबला व्हीएमलिनझ दिसली, नंबर सगळ्यात मोठा, म्हणून त्याने १२६ ला पहिल्या पाटावर बसवलं. इनिटआरडी नाही याची त्याला फिकीर नसते.

मिंटचा अपडेट मॅनेजर जुने कर्नल आपणहून काढत नाही, तसं त्याला सांगावं लागतं. एन्क्रिप्शन न केलेल्यांना हे जाणवत नाही, कारण त्यांचं /बूट मुख्य पार्टिशनमध्येच असतं.

आता उपाय. जो चालू आहे तो १२५, त्याला हात लावायचा नाही. सगळ्यात जुना, ११७, आधी काढा (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन):

सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-इमेज-५.१५.०-११७-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-५.१५.०-११७-जेनेरिक

सगळं एका ओळीत. नंबर दोनदा येतो, दोन्हीकडे ११७ आहे ना ते एंटर दाबण्याआधी बघा. मग तसंच ११९ चं. दोन गेले की दोनशेच्या वर एमबी मोकळे होतील. मग अडकलेलं काम पुरं करायला:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

यात "अपडेट-इनिटरॅमएफएस: जनरेटिंग /बूट/इनिटआरडी" आणि पुढे १२६ अशी ओळ दिसली पाहिजे. मिनिटभर तिथे थांबल्यासारखं वाटेल, थांबू द्या. मग

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज
सुडो अपडेट-ग्रब

ऑटोरिमूव्ह काय काय काढणार त्याची यादी दाखवून हो-नाही विचारतो. यादीत १२५ किंवा १२६ दिसला तर नाही म्हणा आणि इथे टाका.

अपडेट मॅनेजरच्या खिडकीतूनही कर्नल काढता येतात, "व्ह्यू"मध्ये "लिनक्स कर्नल्स". पण आत्ता त्या वाटेने गेलात तर तो आधी अडकलेलं १२६ पुरं करायला जाईल आणि पुन्हा जागेपाशी अडेल. म्हणून आज डीपीकेजी.


सरळसोट

एवढ्या कमांड कशाला? सुडो आरएम करून /बूटमधल्या जुन्या फाइली उडवा, काम खलास.


रातपाळी (पुणे)

फाइली उडतात, पॅकेज उडत नाही. सिस्टिमच्या वहीत ११७ अजून हजर राहतो, आणि पुढच्या अपडेटला त्याच्या नावाने नवा घोळ सुरू होतो. त्यात आरएम विचारत नाही. एक आकडा इकडचा तिकडे झाला की चालू कर्नलचीच इनिटआरडी जाते.


शाळामास्तर (चिपळूण)

रातपाळी, तुम्ही जे नको म्हणताय तेच आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवर आधीच होऊन गेलंय, म्हणून मध्येच घुसतो. जागा करायला म्हणून आलेल्या माणसाने सगळ्याच इनिटआरडी पुसल्या. आता ॲडव्हान्स्डमधल्या कुठल्याही ओळीला पॅनिकच. मिंट २१, एन्क्रिप्टेड. व्हीएमलिनझ फाइली शिल्लक आहेत, पेनड्राइव्हवरून बघितलं. मुख्याध्यापक म्हणतायत दाखल्यांच्या फाइली आत आहेत, काही झालं तरी परत हव्यात.


रातपाळी (पुणे)

सर, फाइली सुखरूप असणार. फक्त रस्ता लांबचा आहे, आणि त्यात दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात, तिथे सावकाश जाऊ.

मिंट २१ च्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालू करा. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके -एफ द्या. ज्या ओळीत क्रिप्टो_लक्स दिसेल ते तुमचं मोठं पार्टिशन. मी ते एसडीए३ धरतो, /बूट एसडीए२, ईएफआय एसडीए१. एनव्हीएमई डिस्क असेल तर नावं वेगळी, तुमच्या यादीतली घ्या.

सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीए३ एसडीए३_क्रिप्ट
सुडो व्हीजीचेंज -एवाय
सुडो माउंट /डेव्ह/मॅपर/व्हीजीमिंट-रूट /एमएनटी
कॅट /एमएनटी/ईटीसी/क्रिप्टटॅब

पहिली घसरण इथे. पहिल्या कमांडमधलं शेवटचं नाव आपण दिलेलं आहे, डिस्क कुठल्याही नावाने उघडते. पण इनिटआरडी बांधताना क्रिप्टटॅबमधलं (एन्क्रिप्टेड भागांची नोंद असलेल्या फाइलीतलं) नाव आणि उघडलेल्याचं नाव जुळलं नाही, तर किल्ली आत ठेवलीच जात नाही. फाइल बनते, सगळं छान वाटतं, आणि रीस्टार्ट केल्यावर पासवर्ड विचारतच नाही. म्हणून क्रिप्टटॅबच्या ओळीतला पहिला शब्द बघा. एसडीए३_क्रिप्ट नसेल तर सुडो यूमाउंट /एमएनटी, सुडो व्हीजीचेंज -एएन, सुडो क्रिप्टसेटअप क्लोज एसडीए३_क्रिप्ट असं मागे येऊन, त्या खऱ्या नावाने पुन्हा उघडा.

नाव जुळलं की:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी/बूट
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

दुसरी घसरण ही. /बूट माउंट करायचं राहिलं तर नवी इनिटआरडी एन्क्रिप्टेड भागातल्या रिकाम्या बूट फोल्डरात बनते. ग्रबला ती कधीच दिसत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. पुढे जाण्याआधी एलएस /एमएनटी/बूट द्या, तुमच्या व्हीएमलिनझ फाइली दिसल्याच पाहिजेत.

मग डेव्ह, डेव्ह/पीटीएस, प्रॉक, सिस, रन, या पाचांसाठी याच क्रमाने एकेकदा (खाली पहिल्याची कमांड आहे, पुढे दर वेळी दोन्हीकडचं नाव बदला):

सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

शेवटी आत शिरा:

सुडो सीएचरूट /एमएनटी
एलएस /लिब/मॉड्यूल्स

जो सगळ्यात नवा नंबर तिथेही आहे आणि ज्याची व्हीएमलिनझही आहे, तो घ्या. समजा १२५:

अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ५.१५.०-१२५-जेनेरिक
अपडेट-ग्रब

"क्रिप्टसेटअप: वॉर्निंग" आणि पुढे "नॉट फाउंड इन /ईटीसी/क्रिप्टटॅब" असं दिसलं तर रीस्टार्ट करू नका, म्हणजे पहिली घसरण झालीय. अशी वॉर्निंग नसेल तर एक्झिट लिहून बाहेर या आणि रीस्टार्ट करा. मशीन स्वतःच्या पायावर उठलं की मग डीएफ बघून जुने कर्नल ताईंना सांगितले तसे डीपीकेजीने काढा. लाइव्हमधून काढाकाढी नको.


लॅबवाली (बार्शी)

माझं झालं. ११७ आणि ११९ काढले, कॉन्फिगरने १२६ ची इनिटआरडी बनवली, ऑटोरिमूव्हने १२२ आणि १२४ पण नेले. आता डीएफ ३९% दाखवतंय. रीस्टार्ट केलं, एस्केप न दाबता पासवर्ड आला. यूनेम १२६ म्हणतंय.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ती एसएसडी बदलली असती तर बिल आपणच भरलं असतं.

दोन प्रश्न. हे ७०५ एमबी मोठं करता येतं का? १८० जीबी नुसती पडून आहे. आणि पुन्हा भरू नये म्हणून दर महिन्याला मीच बघत बसायचं का?


रातपाळी (पुणे)

मोठं करायचं तर शेजारचं एन्क्रिप्टेड पार्टिशन लहान करून सरकवायला लागतं. त्याच्या आत एलव्हीएम, त्याच्या आत फाइल सिस्टिम, तिन्ही थर बरोबर क्रमाने आखडायचे. जिथे रोज पेशंटचे रिपोर्ट निघतात त्या मशीनवर मी हे करणार नाही. ७०५ मध्ये दोन-तीन कर्नल आरामात राहतात आणि त्याहून जास्त लागत नाहीत. उद्या नवं मिंट कोरं टाकायची वेळ आली तर तेव्हा /बूट दोन जीबीचं द्या.

बघत बसायची गरज नाही. अपडेट मॅनेजर, "एडिट", "प्रेफरन्सेस", "ऑटोमेशन". तिथे जुने कर्नल आणि नको असलेली पॅकेजं आपोआप काढायचा पर्याय आहे, तो चालू करा.

काही जण इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडी बांधणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये मॉड्यूल्स "मोस्ट"चं "डेप" करायला सांगतील. इनिटआरडी बरीच लहान होते हे खरं, पण मग तिच्यात फक्त याच मशीनपुरते ड्रायव्हर राहतात. उद्या मदरबोर्ड उडाला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर कदाचित उठणार नाही. तुमच्यासारख्या एकुलत्या एका मशीनला मी ते सुचवणार नाही.

रिपोर्टची कॉपी बाहेरच्या डिस्कवर जात नसेल तर आजच सुरू करा. तीही एन्क्रिप्ट करून.


शाळामास्तर (चिपळूण)

क्रिप्टटॅबमध्ये नाव वेगळंच निघालं! बंद करून त्या नावाने उघडलं, पुढचं सगळं तुम्ही लिहिलं तसं. ती वॉर्निंग आली नाही, पण इनिटआरडी बनताना एक ओळ आली: "द इनिटरॅमएफएस विल अटेम्प्ट टू रिझ्यूम फ्रॉम /डेव्ह/डीएम-२". खाली "सेट द रिझ्यूम व्हेरिएबल" वगैरे. हे काही बिघडलंय का? रीस्टार्ट न करता थांबलोय.


रातपाळी (पुणे)

बिघडलेलं नाही. मशीन हायबरनेट केलं असेल तर स्वॅपमधून (मेमरीतलं साठवायच्या डिस्कवरच्या जागेतून) परत उठवायचा प्रयत्न करीन, एवढंच ती ओळ सांगते. डीएम-२ म्हणजे तुमचं स्वॅप. करा रीस्टार्ट, पेनड्राइव्ह काढायला विसरू नका.